तीन मोदकांची शिक्षा

गेल्या वर्षी गणेशचतुर्थीनंतर आठ-दहा दिवसांनी माझ्या परिचयातील एक गृहस्थ भेटीस आले होते. वय वर्षे ७८, मधुमेह २२ वर्षांचा, स्वभाव शिस्तीचा. चतुर्थीच्या दुपारी त्यांच्या पानावर उकडीचे मोदक वाढले गेले, वर तुपाची धार पडली आणि पाहुण्यांच्या गप्पांत त्यांनी तीन मोदक खाल्ले. तिसरा संपला तेव्हाच मनात फिर्याद उभी राहिली होती. संध्याकाळी ते गच्चीवर गेले आणि नेहमीपेक्षा दुप्पट फेऱ्या मारून आले. ‘पोट जड आहे’ असे सांगून रात्री पानावर बसले नाहीत. जेवणाआधीची मधुमेहाची गोळी मात्र सवयीने घेतली. पहाटे तीनच्या सुमारास सूनबाईंना जाग आली तेव्हा सासरे घामाने चिंब झाले होते, हात थरथरत होते आणि बोलणे असंबद्ध होते. घरी तपासणीचे यंत्र होते. साखर ५२ भरली. शुद्ध होती म्हणून सूनबाईंनी साखरेचे पाणी पाजले, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले आणि मग दूध-पोळी खाऊ घातली. म्हणून निभावले.

हे सारे सांगून झाल्यावर ते गृहस्थ म्हणाले, “तीन मोदक खाल्ले, त्याची शिक्षा मिळाली.”

वाचकहो, या वाक्यापाशी आपण थोडे थांबू या. मोदकांनी साखर वाढते, हे खरे. गूळ असल्याने ते चालतात, ही समजूतही सोडून दिलेली बरी, कारण रक्तातील साखरेच्या दृष्टीने गूळ आणि साखर यांत फारसा भेद नाही. परंतु त्या पहाटे त्यांना जे झाले ते मोदकांमुळे झाले नाही. त्यांनी स्वतःला दिलेल्या शिक्षेमुळे झाले. उपाशी पोट, जादा चालणे आणि त्यावर इन्सुलिनचा स्राव वाढवणारी गोळी, या तिहींनी साखर खाली ओढली. जेवण करून, नेहमीइतकेच चालून, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना मोकळेपणी सांगितले असते, तर एका दिवसाची चढलेली साखर उतरली असती. वृद्धाच्या बाबतीत साखर एकाएकी घसरणे हे थोडी वाढण्यापेक्षा अनेकदा अधिक घातक ठरते. पडणे, अस्थिभंग, हृदयावर ताण, हे सारे त्या घसरणीच्या मागोमाग येऊ शकते.

अपराधी भावनेने कोणाचीही साखर आजवर उतरलेली नाही. ती भावना माणसाला लपवायला मात्र शिकवते. उशीखालचे पेढे, कपाटात शर्टांच्या घडीमागे ठेवलेला बिस्किटांचा पुडा, तपासणीच्या आधी चार दिवस पाळलेले कडक पथ्य, डॉक्टरांपुढे म्हटलेले ‘गोड अजिबात नाही’, ही सारी तिचीच अपत्ये आहेत. डॉक्टर त्या खोट्या माहितीवर औषधाची मात्रा ठरवतात.

आपल्या पिढीच्या मनात अन्नाविषयीचा अपराध एकेरी नाही, दुहेरी आहे. खाल्ले तरी चूक आणि टाकले तरी चूक. लहानपणी पानात काही टाकले तर वडीलधाऱ्यांची नजर पुरे होत असे. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, खडी फोडण्याच्या कामावर उभे राहून सुकडी खाल्ली, मिलोच्या लाल भाकरीवर दिवस काढले, त्यांना आज नातवाच्या ताटात उरलेली अर्धी पोळी पाहवत नाही. मग ती पोळी आजी उचलून खाते. भूक नसते, पण अन्न वाया जाऊ देणे तिच्या हाताला जमत नाही. खाऊन झाल्यावर गुडघे दुखतात, वजनकाटा बोलतो आणि ती स्वतःलाच ‘खादाड’ म्हणते. ज्या सवयीने तिला कठीण काळात तगवले, तीच आज तिच्यावर आरोप होऊन उलटली आहे. एकादशी मोडली तरी टोचणी, उपाशीपोटी औषध घेतल्याने चक्कर आली तरी टोचणी. प्रसाद नाकारला तर देवाचा अपराध, घेतला तर डॉक्टरांचा.

या टोचणीवर मानसशास्त्रात अलीकडे ज्या उपायाचा अभ्यास झाला आहे, त्याला स्वकरुणा म्हणता येईल. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या प्राध्यापिका क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये या कल्पनेची शास्त्रीय मांडणी केली आणि ती मोजण्याची प्रश्नावलीही तयार केली. बौद्ध विचारातील करुणेचा त्यांच्या मांडणीवर ठसा आहे, आणि तो त्या मोकळेपणी मान्य करतात. म्हणजे शब्द आपल्याच अंगणातला, फक्त दूरचा प्रवास करून परत आलेला. त्यांच्या मते स्वकरुणेत तीन गोष्टी येतात. दुःखाच्या वा चुकीच्या क्षणी स्वतःशी कठोर न होता मायेने वागणे, ही पहिली. चुकणे हा आपल्या एकट्याचा दोष नसून साऱ्या मनुष्यजातीचा धर्म आहे, याची जाण ठेवणे, ही दुसरी. आणि जे वाटते आहे ते न दडपता, न फुगवता, जसे आहे तसे पाहणे, ही तिसरी.

अनेक ज्येष्ठांना हे ऐकताच शंका येते की हे म्हणजे स्वतःचे लाड झाले, किंवा स्वतःची कीव झाली. मराठीत कीव आणि करुणा हे दोन निराळे शब्द आहेत, ते उगीच नव्हेत. कीव करणारा वर उभा राहून खाली पाहतो. करुणा करणारा शेजारी येऊन बसतो. लाडाचे म्हणाल, तर ज्या आईने मुलाचे खरोखर लाड केले तिनेही आजारात त्याला कडू औषध पाजलेच. मायेने वागणे म्हणजे डबा पुढे ठेवून ‘खा हवे तेवढे’ म्हणणे नव्हे.

मायेने वागल्यास माणूस सैल सोडतो का, याचा एक प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील वेक फॉरेस्ट विद्यापीठात क्लेअर अॅडम्स आणि मार्क लिअरी यांनी तरुण विद्यार्थिनींना आधी गोड, तळलेला डोनट खायला दिला. त्यांतील काहींना नंतर सहज बोलावे तसे सांगितले की असे पदार्थ सगळेच खातात, त्यावरून स्वतःला बोल लावू नये. इतरांना काही सांगितले नाही. मग चव पाहण्याच्या निमित्ताने साऱ्यांपुढे मिठाई ठेवली. एरवी खाण्यावर कडक निर्बंध घालणाऱ्या ज्या मुलींनी ते मायेचे शब्द ऐकले होते, त्यांनी न ऐकलेल्या तशाच मुलींपेक्षा कमी मिठाई खाल्ली. प्रयोग तरुण मुलींवरचा आहे, सत्तरीच्या मधुमेह्यांवरचा नाही, हे लक्षात ठेवून मी तो सांगतो आहे. परंतु ‘आता मोडलेच आहे, तर होऊन जाऊ दे’ असे म्हणत आणखी दोन लाडू उचललेला हात आपण प्रत्येकाने घरात पाहिला आहे. तो हात बहुधा टोचणीनेच पुढे गेलेला असतो.

आता हे करायचे कसे? मी ज्येष्ठांना एक साधी गोष्ट सुचवतो. आपण स्वतःशी कोणत्या भाषेत बोलतो, ते दोन दिवस नुसते ऐकावे. ‘थेरड्या, एवढे वय झाले तरी जीभ आवरत नाही’, ‘मेलीचे पोट की पखाल’, अशी वाक्ये आपण शेजाऱ्याविषयीही उच्चारणार नाही, पण स्वतःला दिवसातून दहादा ऐकवतो. मग असे कल्पावे की आपली धाकटी बहीण चार दिवस माहेरपणाला आली आहे. तिलाही मधुमेह आहे. रात्री तिने दोन पेढे खाल्ले आणि सकाळी डोळ्यांत पाणी आणून तिने ते आपल्याला सांगितले. आपण तिला काय म्हणू? ‘अगं, होतं असं. सणाचं घर आहे. रडू नकोस, साखर तपासू या, आणि आज दुपारी भात थोडा कमी घेऊ.’ या बोलण्यात माया आहे, चूक माणसाचीच असल्याची कबुली आहे आणि पुढे काय करायचे तेही आहे. हेच वाक्य, याच आवाजात, स्वतःला ऐकवायचे. ते ऐकवताना एक हात छातीवर ठेवावा, किंवा आजाऱ्याचा हात धरतो तसा स्वतःचाच हात हातात घ्यावा. पहिले काही दिवस हे नाटकी वाटेल. वाटू द्यावे.

दुसरी सूचना साखरेच्या वहीविषयी आहे आणि माझ्या अनुभवात तिचा उपयोग अधिक झाला आहे. आपल्यापैकी पुष्कळजण साखरेची नोंद ठेवतात. त्या नोंदीतून विशेषणे गाळावीत. ‘रात्री हावरटपणा केला, सकाळी भयंकर वाढली’ असे न लिहिता ‘रात्री ११ वाजता दोन पेढे, सकाळी उपाशीपोटी १६८’ एवढेच लिहावे. पहिल्या ओळीत नुसता निवाडा आहे. दुसरी वाचून डॉक्टरांना औषधाची वेळ बदलता येते, रात्रीचे जेवण अपुरे पडते का हेही कळते, कारण अकरा वाजता गोड शोधणारा माणूस कधीकधी खरोखर भुकेलेला असतो. साडेसातला दूध-भात उरकून झोपू पाहणारे वृद्ध या गटात बरेच सापडतात.

आणि उद्दिष्टही आपल्या वयाचे असावे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रकृती एरवी चांगली असलेल्या ज्येष्ठांत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा आकडा ७ ते ७.५ च्या खाली असावा. ज्यांना अनेक दीर्घकालीन आजार आहेत त्यांच्यासाठी ही मर्यादा ८ पर्यंत सैल केली आहे. चाळिशीतल्या मुलाचा आकडा ऐंशीच्या वडिलांवर लादणे हे पथ्य नव्हे. आपला आकडा कोणता, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना अवश्य विचारावे.

खाण्याच्या टोचणीची सख्खी बहीण म्हणजे देहाची लाज. ही तरुणांची गोष्ट आहे, असे मानण्याची चूक आपण करतो. आरशापुढे उभी राहून जुन्या पोलक्याचे हूक लागत नाहीत म्हणून डोळे पुसणारी ७० वर्षांची बाई आपल्याच घरात असते. वयाबरोबर स्नायू घटतात, चरबी पोटाकडे सरकते, मणके दबून उंची कमी होते, कातडी पातळ होते. यात नीतीचा प्रश्न कोठेच नाही. किंबहुना साठीनंतर किंचित भरलेला बांधा वाईट ठरत नाही. काळजी करायला हवी ती प्रयत्न न करता घटणाऱ्या वजनाची. सहा ते बारा महिन्यांत वजन विसाव्या हिश्शाने किंवा अधिक उतरले, म्हणजे ६० किलोचे ५७ वर आले, तर ‘बारीक झालात, छान दिसता’ असे न म्हणता डॉक्टरांकडे न्यावे.

लाजेमुळे होणारे नुकसान पुष्कळदा आजाराहून मोठे असते. खोकताना वा हसताना लघवीचे थेंब जातात म्हणून पाणीच कमी पिणाऱ्या स्त्रिया मला नेहमी भेटतात. उतारवयात तहान आधीच मंदावलेली असते. मग बद्धकोष्ठ, मूत्रमार्गाचा संसर्ग, चक्कर, आणि अंधारात पडणे, अशी साखळी सुरू होते. या तक्रारीवर व्यायाम आहेत, औषधे आहेत, पण त्यासाठी ती तोंडाने सांगावी लागते, आणि लाज तेच करू देत नाही. (हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून दिलेले आहे, त्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच वाढवावे.) कवळी सैल झाली म्हणून चारचौघांत न जेवणारे, चहात बुडवलेल्या बिस्किटांवर दिवस काढणारे आजोबा पाहिले आहेत. त्यांना वरण, ताक, अंडे, मासळी यांची गरज असते आणि मिळतो तो मैदा. कंपवातामुळे आमटी सदऱ्यावर सांडते म्हणून लग्नाच्या पंगतीस जाणे सोडलेले एक शिक्षक होते. त्यांच्या मुलीने ताटाऐवजी खोलगट वाडगा आणि जड दांड्याचा चमचा आणला. पंगतीत तोच वाडगा घेऊन ती वडिलांशेजारी बसली. कोणी मान वर करून पाहिलेसुद्धा नाही, असे तिने मला सांगितले.

काळजी घेणाऱ्यांशीही दोन शब्द बोलायचे आहेत. आपण घरात पोलीस होऊन राहिलात, तर ज्येष्ठांना चोर होणे भाग पडते. फडताळाला कुलूप लावून साखर आटोक्यात आलेले घर मी पाहिलेले नाही. ‘पुन्हा खाल्लेत ना?’ या प्रश्नाला खरे उत्तर मिळत नाही. ‘किती वाजता आणि किती खाल्ले? गोळीचे पाहायला हवे,’ या प्रश्नाला मिळते. गोड द्यायचेच असेल तर ते उघडपणे, पानात, जेवणासोबत द्यावे. त्या जेवणातला भात किंवा पोळी तेवढी कमी करावी, आणि उरलेले जेवण टाळू देऊ नये. साखर घसरल्याची लक्षणे घरातल्या प्रत्येकाला पाठ असावीत: घाम, थरथर, धडधड, गोंधळलेले बोलणे. आकडा ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, न सावरल्यास पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, तातडीने रुग्णालय गाठावे.

आंघोळ घालताना, कपडे बदलताना देह कोणापुढे उघडा पडतो आहे, याचे दुःख वृद्ध बोलून दाखवत नाहीत. अंगावर पंचा राहू द्यावा, ज्या भागावर पाणी घालायचे तेवढाच उघडा करावा, हात पोहोचतो तेथे त्यांचे त्यांनाच साबण लावू द्यावा, आणि त्या वेळी वजनाविषयी, पोटाविषयी थट्टा करू नये. प्रेमाची थट्टाही नको.

आपल्याही टोचणीचे मला भान आहे. वडिलांना शेवटच्या महिन्यांत श्रीखंड हवे होते आणि आपण पथ्यापायी दिले नाही, हे काही वर्षांनंतरही घशात अडकून राहिलेली एक लेक मला ठाऊक आहे. दुसरी एक सून सासूबाईंना मायेने आंबा देत राहिली आणि पायाची जखम चिघळल्यावर स्वतःला दोष देत राहिली. दोघींनी त्या त्या वेळी हाती असलेल्या माहितीवर प्रेमानेच निर्णय घेतला होता. माहेरपणाला आलेल्या बहिणीशी जे बोलायचे ते या दोघींनीही स्वतःशी बोलायला हवे. सर्वांना वाढून झाल्यावर ओट्यापाशी उभ्यानेच, उरलेसुरले खाणाऱ्या हातालाही हे लागू आहे. दिवसातून एकदा तरी बसून, ताट वाढून घेऊन जेवा.

स्वकरुणेने सारेच सुटत नाही. घास घशात अडकत असेल, जेवणाची इच्छाच दोन आठवडे गेली असेल, खाल्लेले मुद्दाम ओकून टाकले जात असेल, किंवा ‘मी खाऊन तरी काय उपयोग’ असे शब्द कानी येऊ लागले असतील, तर ती केवळ टोचणी नव्हे. तेथे डॉक्टर हवेत, आणि मनाच्या डॉक्टरांचे नाव घ्यायला संकोचू नये. भारत सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीतही बोलता येते.

ते ७८ वर्षांचे गृहस्थ आता ७९ चे आहेत. विशेषणे गाळण्याची सूचना त्यांनी प्रथम हसण्यावारी नेली होती. यंदा चतुर्थीनंतर त्यांनी आपली वही मला दाखवली. त्या दिवसाची नोंद अशी होती: ‘दुपारी मोदक दोन, तुपासह. भात घेतला नाही. रात्री नेहमीप्रमाणे जेवलो, गोळी घेतली. झोपताना १९२. सकाळी १३८.’ खाली सूनबाईंच्या अक्षरात एक ओळ होती: ‘तिसरा मोदक बाबांनी मला दिला.’